मंगळाच्या दोन चंद्रांचा वेध: पुण्यातील एका हिवाळ्याच्या प्रकल्प नोंदी

१ डिसेंबर २०२४

मंगळाच्या फोबोस आणि डिमोस या दोन चंद्रांचे छायाचित्र या हिवाळ्यात सहकारनगरमधील गच्चीवरून घ्यायचे, आणि त्याच्या आधारे २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला सदाशिव पेठेतील एका शाळेत छोटी मांडणी करायची, असे आमच्या गटाने ठरवले आहे. मंगळाची प्रतियुती, म्हणजे आकाशात तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येण्याचा दिवस, १६ जानेवारीला आहे. त्याआधी चार दिवस, म्हणजे १२ जानेवारीला, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे ९ कोटी ६१ लाख किलोमीटरवर येईल. ऑक्टोबर २०२० मध्ये हेच अंतर सुमारे ६ कोटी २१ लाख किलोमीटर होते, त्यामुळे या खेपेचा मंगळ लहान, जेमतेम साडेचौदा कोनीय सेकंदांचा दिसेल (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). भरपाई एवढीच, की तो या वेळी सुमारे २५ अंश उत्तर क्रांतीवर (आकाशातल्या विषुववृत्ताच्या तेवढा उत्तरेला), मिथुन आणि कर्क राशींच्या सीमेवर असणार आहे. पुण्याचे अक्षांश साडेअठरा असल्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास तो ख-मध्यापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, सात अंशांच्या आत येईल, आणि क्षितिजालगतची शहराची धूळ व धूर यांतून त्याच्याकडे पाहावे लागणार नाही.

दुर्बीण गटाचीच आहे: २५० मिमी व्यासाच्या, हाताने घासलेल्या आरशाची, १२५० मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन (आरशाने प्रतिमा तयार करणारी) दुर्बीण. दुप्पट करणारे बार्लो भिंग लावल्यावर आमच्या कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलवर सुमारे पाव कोनीय सेकंद एवढे आकाश पडते. या कामाला ते पुरेसे आहे.

६ डिसेंबर

आकडेमोडीची बैठक झाली. फोबोस मंगळाच्या केंद्रापासून सरासरी ९,३७६ किलोमीटरवर, तर डिमोस सुमारे २३,४६० किलोमीटरवर फिरतो. प्रतियुतीच्या दिवसांत पृथ्वीवरून पाहताना फोबोस मंगळाच्या केंद्रापासून जास्तीत जास्त २० कोनीय सेकंद आणि डिमोस ५० कोनीय सेकंद दूर जाईल. मंगळबिंबाची त्रिज्याच सात सेकंदांहून थोडी अधिक असल्याने फोबोस ग्रहाच्या कडेपासून कधीही तेरा सेकंदांपलीकडे जाणार नाही.

तेजस्वितेचा हिशेब त्याहून बोलका आहे. फोबोस या प्रतियुतीत बाराव्या प्रतीच्या आसपास आणि डिमोस तेराव्या प्रतीच्या आसपास राहील (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू अंधूक). तेराव्या प्रतीचे तारे आमच्या कॅमेऱ्यात पुण्याच्या उजळ आकाशातूनही काही सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये येतात, म्हणजे हे चंद्र अंधूक आहेत म्हणून कठीण आहेत, हे सर्रास सांगितले जाणारे कारण अपुरे ठरते. खरी अडचण मंगळाची आहे, कारण तो फोबोसच्या दोन लाखांहून अधिक पट, तर डिमोसच्या सुमारे सहा लाख पट तेजस्वी असतो, आणि त्याचा विखुरलेला प्रकाश नेमका जिथे चंद्र असायला हवेत तिथेच पसरतो. शहराबाहेर पानशेतच्या बाजूला जावे, ही सूचना त्यामुळे मागे पडली. आकाश कितीही काळोखे असले तरी मंगळाची झळाळी त्याने कमी होत नाही. हवा स्थिर असणे जास्त महत्त्वाचे आहे, आणि ती कोणत्या रात्री स्थिर असेल हे घरच्या गच्चीवर रोज पाहता येते.

१४ डिसेंबर

ढगाळ रात्र. वेळ इतिहासाच्या टिपणांना दिला.

या दोन्ही चंद्रांचा शोध ऑगस्ट १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असाफ हॉल यांनी २६ इंची भिंगाच्या दुर्बिणीने लावला. आमच्या दृष्टीने त्यांची युक्ती शोधाइतकीच उपयुक्त आहे: त्यांनी नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) सरकवून मंगळाला दृष्टिक्षेत्राच्या अगदी बाहेर ठेवले आणि ग्रहाच्या लगतचे आकाश तपासले. पहिल्यांदा एक बिंदू दिसला तेव्हा पोटोमॅक नदीवरचे धुके येऊन काम थांबले, मग काही दिवस हवा खराब राहिली. नंतर १६ ऑगस्टला तोच बिंदू पुन्हा दिसला आणि तो मंगळाबरोबर सरकतो आहे हे स्पष्ट झाले, तो डिमोस. पुढच्याच रात्री फोबोस सापडला. आतला चंद्र एकाच रात्री कधी या बाजूला, कधी त्या बाजूला दिसू लागल्याने आत दोन किंवा तीन चंद्र असावेत, असे हॉल यांना काही काळ वाटले. २० आणि २१ ऑगस्टच्या रात्री सलग निरीक्षण केल्यावर एकच चंद्र ग्रहाच्या परिवलनापेक्षा वेगाने फिरतो आहे याची त्यांना खात्री पटली. शोधाचा नाद सोडू पाहणाऱ्या हॉल यांना पत्नी अँजेलिन स्टिकनी यांनी प्रोत्साहन दिले होते, आणि फोबोसवरच्या सर्वांत मोठ्या, सुमारे ९ किलोमीटर व्यासाच्या विवराला आज स्टिकनी हेच नाव आहे.

२२ डिसेंबर

दुर्बिणीची तयारी. दुय्यम आरसा धरणाऱ्या चार पात्यांमुळे तेजस्वी ग्रहाभोवती चार लांब किरणरेषा उमटतात, आणि त्यांपैकी एखादी रेषा चंद्रावरून गेली तर चंद्र तिच्यात बुडून जातो. दोन्ही चंद्र मंगळाच्या विषुववृत्ताच्या पातळीत, दोन अंशांहून कमी कलाने फिरत असल्याने ते ग्रहाच्या पूर्व-पश्चिम रेषेवरच सापडणार, हे आधीच माहीत आहे. म्हणून नळी तिच्या कड्यांमध्ये फिरवून किरणरेषा या रेषेशी ४५ अंशांचा कोन करतील अशी बसवली. डोळ्यांनी पाहण्यासाठी एका नेत्रिकेच्या नाभीय पातळीत ॲल्युमिनियम फॉइलची अरुंद पट्टी चिकटवली आहे. मंगळ तिच्याआड ठेवायचा आणि पट्टीच्या कडेने पाहायचे.

निळ्या फिल्टरवर बरीच चर्चा झाली. मंगळ तांबूस असल्याने निळ्या प्रकाशात तो बराच मंद होतो, तर करड्या, काळपट पृष्ठभागाचे हे चंद्र त्या प्रमाणात मंद होत नाहीत, म्हणून दोहोंतील तफावत काही पटींनी घटते. दुसरीकडे निळ्या प्रकाशात वातावरणाची थरथर अधिक जाणवते आणि प्रकाशाचे विखुरणेही वाढते. दोन्ही प्रकारे छायाचित्रे घ्यायची, असा निर्णय झाला. प्रमुख आरशावरची धूळ पुसण्याऐवजी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन काढली, कारण आरशावरचा प्रत्येक कण मंगळाचा प्रकाश इकडेतिकडे फेकतो. इतर कामांत दुर्लक्षण्याजोगी असलेली ही बाब इथे निर्णायक ठरू शकते.

२९ डिसेंबर

वेळापत्रक तयार झाले. डिमोसची एक प्रदक्षिणा ३० तास १८ मिनिटांची आहे. तिच्या चार फेऱ्यांना ५ दिवस आणि सुमारे सव्वा तास लागतो. म्हणजे एखाद्या रात्री डिमोस एका बाजूला सर्वांत दूर दिसला, तर पाच रात्रींनी तो जवळजवळ त्याच वेळी, फक्त सव्वा तास उशिरा, पुन्हा तिथेच असेल. फोबोसची प्रदक्षिणा ७ तास ३९ मिनिटांची. तिच्या तीन फेऱ्या २४ तासांपेक्षा तासभर लवकर पुऱ्या होतात, म्हणून त्याची सोयीची वेळ दर रात्री सुमारे एक तास अलीकडे सरकते. फोबोस कमाल अंतराच्या नव्वद टक्क्यांपलीकडे एका खेपेला सुमारे तासभर राहतो, डिमोस सव्वाचार तास. दुर्बीण बाहेर काढून ती थंड होण्यासाठी लागणारा वेळच तासाच्या आसपास असल्याने फोबोसबाबत गाफील राहून चालणार नाही.

५ जानेवारी २०२५

चाचणी. हवा मध्यम. एक सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये मंगळ पूर्ण पांढरा होऊन त्याची झळाळी अपेक्षेहून थोडी अधिक पसरते. दव धरू लागल्याने दुय्यम आरशाला हीटरची पट्टी लावली.

१४ जानेवारी

पौर्णिमा आणि प्रतियुती यांची गाठ पडली. काल पौष पौर्णिमा होती आणि आज रात्री पूर्ण चंद्र मंगळाच्या शेजारी आहे. अमेरिकेतून तर चंद्राने मंगळाला झाकलेले दिसले. आकाश दुधाळ, हवा अस्थिर, छायाचित्रांत उपयोगाचे काही नाही. संक्रांतीनिमित्त गच्चीवर तिळगूळ मात्र भरपूर होता. गणिताने १२ ते १६ जानेवारी हे उत्तम दिवस असले तरी चंद्रप्रकाश ओसरल्यानंतरचा आठवडाच आम्ही कामाचा मानत आहोत; तोवर मंगळ फार लहान होणार नाही.

२४ जानेवारी

डिमोस मिळाला. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ असलेला मंगळ डोक्यावर येण्याच्या वेळी हवा स्थिरावली आणि निळ्या फिल्टरविना, दोन-दोन सेकंदांच्या छायाचित्रांच्या मालिकेत गणितात आलेल्या जागी एक बारीक बिंदू दिसू लागला. तो तारा नाही हे सिद्ध करणे हा कामाचा महत्त्वाचा भाग होता. मंगळ सध्या वक्री असून ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तासाला सुमारे एक कोनीय मिनिट सरकतो आहे. अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेल्या दोन गटांत आजूबाजूचे तारे मंगळाच्या तुलनेत तीसेक सेकंद मागे पडले आणि हा बिंदू ग्रहासोबतच राहिला. स्टॅकिंग करताना, म्हणजे अनेक चित्रे एकावर एक रचताना, मंगळाच्या केंद्रावर चित्रे जुळवली, तेव्हा तारे छोट्या रेघा झाले आणि डिमोस गोल बिंदू राहिला. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी हेच चित्र निवडले आहे, कारण एखादी वस्तू चंद्र आहे असे कशावरून म्हणायचे, याचे उत्तर त्यात एका नजरेत मिळते.

फॉइलच्या पट्टीआडून डोळ्यांनी पाहण्याचा प्रयत्नही केला. गटातील एका तरुण सदस्याला डिमोस दिसल्यासारखा वाटला, परंतु जागा आधी सांगून मग पाहिलेले निरीक्षण आम्ही नोंदीत धरत नाही.

३० जानेवारी

काल अमावास्या होती, त्यामुळे आकाश काळोखे. फोबोससाठी दोन मार्ग वापरले. पहिल्यात निळा फिल्टर आणि सेकंदाच्या काही भागाचे एक्स्पोजर. दुसऱ्यात फिल्टरविना छोटी छायाचित्रे मोठ्या संख्येने घेऊन त्यांतील सर्वांत स्थिर तेवढी निवडली. संगणकावर मंगळाच्या केंद्राभोवती चित्र १८० अंशांत फिरवून मूळ चित्रातून वजा केले की झळाळीचा सममित भाग बराचसा जातो आणि एकाच बाजूला असलेली वस्तू उरते. या पद्धतीने दुसऱ्या मार्गाच्या चित्रांत, बिंबाच्या कडेपासून बारा सेकंदांच्या आसपास, अपेक्षित बाजूला एक ठिपका राहिला. तासाभराने तो ग्रहाकडे सरकलेला दिसला. निळ्या फिल्टरच्या चित्रांत मात्र तो खात्रीने सांगता येत नाही. आपल्या आरशाच्या व्यासाला हवेची स्थिरता ही रंगाच्या लाभापेक्षा महत्त्वाची ठरली, असा निष्कर्ष सध्या काढला आहे.

९ फेब्रुवारी

छायाचित्रांचे काम थांबवून मांडणीच्या मजकुराकडे वळलो. फोबोस ग्रहाच्या इतका जवळ असल्याने तो टिपताना जो त्रास झाला, त्याच जवळिकीने त्याचे भवितव्यही ठरवले आहे, हे मुलांना दाखवता यावे अशी कल्पना आहे.

मंगळ स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत फिरतो. एखाद्या उपग्रहाची प्रदक्षिणाही तेवढ्याच वेळाची असायची असेल तर तो ग्रहाच्या केंद्रापासून सुमारे २०,४०० किलोमीटरवर हवा. फोबोस या सीमेच्या बराच आत आणि डिमोस थोडा बाहेर आहे. फोबोसच्या गुरुत्वाकर्षणाने मंगळाच्या घन कवचात किंचित फुगवटा येतो. पण ग्रहापेक्षा फोबोस वेगाने पुढे निघून जात असल्याने हा फुगवटा त्याच्या मागे पडतो आणि त्याला मागे खेचतो. त्यामुळे फोबोसची कक्षीय ऊर्जा घटते, आणि तो शंभर वर्षांत सुमारे १.८ मीटर या गतीने मंगळाजवळ येतो आहे. आपल्या चंद्राबाबत नेमके उलटे घडते. पृथ्वी त्याच्यापेक्षा वेगाने फिरत असल्याने तो दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो. डिमोसही तत्त्वतः दूरच जातो आहे, मात्र त्याचे वस्तुमान इतके अल्प आणि अंतर इतके अधिक आहे की तो परिणाम नगण्य राहतो.

असा आत येत असताना फोबोसची गती वाढते आहे, हे बेव्हन शार्पलेस यांनी १९४५ मध्ये निरीक्षणांवरून दाखवले. त्याचे कारण वातावरणाचे घर्षण असेल तर फोबोस फारच हलका असला पाहिजे, असा हिशेब करून सोव्हिएत शास्त्रज्ञ योसिफ श्क्लोव्स्की यांनी तो पोकळ, कदाचित कृत्रिम असावा असा तर्क मांडला होता. यानांनी केलेल्या मोजणीनंतर तो तर्क मागे पडला. फोबोसची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.८७ ग्रॅम आहे. साध्या खडकापेक्षा ती कमी, म्हणजे आत बऱ्याच फटी किंवा पोकळ जागा असाव्यात, पण एक मोठी पोकळी असण्याची गरज त्यातून निघत नाही.

ही घनता वापरून रोश मर्यादा काढली, म्हणजे ज्याच्या आत ग्रहाच्या ओढीने उपग्रह फुटू शकतो ते अंतर. पूर्णपणे द्रवरूप मानलेल्या पिंडासाठी ती मंगळाच्या केंद्रापासून सुमारे १०,६०० किलोमीटर येते, आणि फोबोस आजच ९,३७६ किलोमीटरवर आहे. केवळ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणावर भिस्त असती तर तो विखुरला असता. त्याच्या द्रव्याला असलेली थोडीबहुत मजबुती त्याला एकत्र धरून आहे. जसजसा तो आत येईल तसतसे भरतीबल, म्हणजे मंगळाकडच्या व पलीकडच्या बाजूंवरील ओढीतील फरकाचा ताण, वाढेल, आणि सुमारे ३ ते ५ कोटी वर्षांनी तो फुटून मंगळाभोवती कडे तयार होईल किंवा त्याचे तुकडे ग्रहावर आदळतील. त्याच्या पृष्ठभागावरच्या लांब समांतर चरांपैकी निदान काही या ताणामुळेच पडू लागल्या असाव्यात, असे एक मत आहे. स्टिकनी विवर घडवणाऱ्या आघाताशी त्यांचा संबंध जोडणारे मतही तितकेच जुने असल्याने फलकावर दोन्ही देत आहोत.

१६ फेब्रुवारी

मंगळाच्या भूमीवरून हे चंद्र कसे दिसतील, याचा फलक तयार झाला. फोबोस पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. एका उगवण्यापासून पुढच्या उगवण्यापर्यंत ११ तास ६ मिनिटे जातात, आणि विषुववृत्तावरून तो एका खेपेला सव्वाचार तास दिसतो. डिमोस पूर्वेलाच उगवतो, पण त्याची गती मंगळाच्या परिवलनाच्या इतकी जवळ आहे की तो सुमारे ६० तास क्षितिजावर राहतो आणि तेवढ्यात आपल्या कलांची जवळजवळ दोन आवर्तने पुरी करतो. साध्या त्रिकोणमितीने पाहिले तर ७० अंश अक्षांशांपलीकडे फोबोस दिसतच नाही; मंगळाचा गोलाकारच आड येतो. आणखी एक गोष्ट आमच्या हिशेबातून निघाली: डोक्यावरचा फोबोस सुमारे पावणेतेरा कोनीय मिनिटांचा, तर क्षितिजावरचा पावणेनऊ मिनिटांचा दिसतो. हा फरक पाहणाऱ्याच्या खरोखर लक्षात येईल. सूर्य तिथून सुमारे २१ मिनिटांचा असल्याने फोबोस त्याला पूर्ण झाकू शकत नाही. मंगळावरच्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स या बग्गीने २ एप्रिल २०२२ रोजी टिपलेले असे ग्रहण सुमारे ४० सेकंद चालले.

शाळेच्या पटांगणात मांडायच्या प्रतिकृतीत मंगळ एक मीटर व्यासाचा घेतला आहे. त्या प्रमाणात फोबोस म्हणून ज्वारीचा दाणा केंद्रापासून १.३८ मीटरवर आणि डिमोस म्हणून मोहरीचा दाणा साडेतीन मीटरवर येतो. तुलनेसाठी त्याच प्रमाणात आपला चंद्र अर्ध्या मीटरचा आणि पृथ्वीपासून सुमारे ५७ मीटर दूर, म्हणजे पटांगणाच्या भिंतीबाहेर जातो, तेव्हा तो फक्त फलकावर लिहिला आहे.

२३ फेब्रुवारी

उत्पत्तीचा फलक. दिसायला हे चंद्र काळपट लघुग्रहांसारखे आहेत. फोबोस सुमारे २७ × २२ × १८ किलोमीटरचा आणि डिमोस सरासरी साडेबारा किलोमीटरचा, दोन्ही ओबडधोबड. पण बाहेरून पकडलेल्या लघुग्रहांच्या कक्षा लांबट आणि तिरप्या असण्याची शक्यता अधिक, आणि या दोघांच्या कक्षा तर जवळजवळ वर्तुळाकार व विषुववृत्तालगतच्या आहेत. म्हणून मंगळावर प्राचीन काळी झालेल्या मोठ्या आघाताच्या मलब्यातून ते बनले असावेत, हा पर्याय पुढे आला. संयुक्त अरब अमिरातीच्या होप यानाने मार्च २०२३ मध्ये डिमोसच्या सुमारे १०० किलोमीटर जवळून घेतलेले वर्णपट लघुग्रहापेक्षा मंगळाच्या बेसाल्टी द्रव्याकडे अधिक झुकतात. माझे मत विचारले तर कक्षांचा पुरावा वर्णपटाइतकाच जड आहे, कारण कक्षा योगायोगाने इतक्या सुबक होत नाहीत. परंतु निकाल द्यायला प्रत्यक्ष नमुना हवा.

त्या दृष्टीने जपानच्या एमएमएक्स मोहिमेकडे लक्ष आहे. तिचे उड्डाण २०२६ साठी नियोजित असून फोबोसवरून किमान दहा ग्रॅम द्रव्य २०३१ मध्ये पृथ्वीवर आणण्याचा तिचा बेत आहे. याआधीचे प्रयत्न फारसे लाभले नाहीत: सोव्हिएत संघाचे फोबोस-१ यान १९८८ मध्ये वाटेतच गमावले, फोबोस-२ ने मंगळापाशी पोहोचून काही काम केले पण मार्च १९८९ मध्ये संपर्क तुटला, आणि रशियाचे फोबोस-ग्रुंट नोव्हेंबर २०११ मध्ये पृथ्वीच्या कक्षेतच अडकून पडले.

भारताचा वाटा फलकावर ठळक दिला आहे. मंगळयानाच्या रंगीत कॅमेऱ्याने १ जुलै २०२० रोजी फोबोसपासून सुमारे ४,२०० किलोमीटरवरून त्याचे छायाचित्र घेतले, ज्यात स्टिकनी विवर स्पष्ट दिसते. यानाची कक्षा ७० हजार किलोमीटरहून दूर जाणारी लंबवर्तुळाकार असल्याने डिमोसची मंगळापासून दूर असलेली बाजूही त्याला पाहता आली. मंगळाच्या जवळून फिरणाऱ्या बहुतेक यानांना ती दिसत नाही.

१ मार्च

मांडणी झाली. प्रश्न बहुतेक उडीबद्दल होते: फोबोसवर उडी मारली तर माणूस परत येईल का? तिथला मुक्तिवेग, म्हणजे कायमचे निसटण्यासाठी लागणारा वेग, सेकंदाला सुमारे ११ मीटर आहे, म्हणून साधी उडी मारणारा कित्येक मिनिटांनी का होईना, खाली येतो. डिमोसवर हाच वेग सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे तासाला वीस किलोमीटर. एवढ्या वेगाने धावून निसटता येईल का, असे एका मुलीने विचारले. धावण्यासाठी पाय जमिनीवर टेकावे लागतात आणि तेवढे वजनच तिथे नसते, हे तिने पुढच्या मिनिटाला स्वतःच सांगितले.

१५ मार्च

युरोपीय अवकाश संस्थेचे हेरा यान लघुग्रहाकडे जाताना १२ मार्चला मंगळाजवळून गेले आणि त्याने मंगळाच्या पार्श्वभूमीवर डिमोसची चित्रे पाठवली. आमच्या चित्रातील एका बिंदूच्या शेजारी ते चित्र लावून शाळेला पाठवून दिले.

पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ रोजी, मंगळ सिंह राशीत असताना आहे, बिंब १३.८ सेकंदांचे, डिमोस ४८ आणि फोबोस १९ सेकंदांपर्यंत दूर. त्या वेळी फोबोस एका रात्रीत दोन्ही बाजूंना, पावणेचार तासांच्या अंतराने टिपायचा आहे. या वर्षी हे जमले नाही, कारण पहाटेकडे हवा बिघडत गेली. आरशावरचे ॲल्युमिनियमचे लेपन जुने झाले असून ते पावसाळ्यापूर्वी नव्याने करून घ्यायचे आहे. चार पात्यांच्या जागी वक्र पाते बसवता येईल का, याचे रेखाटन गटातील निवृत्त अभियंत्यांनी हाती घेतले आहे.